अकरावीतली लेक आणि कधीच न लागणारी मेरिट लिस्ट

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

मुलगी पब्लिक हायस्कूलमध्ये अकरावीत, म्हणजे ज्युनिअर इयरला आहे. २०२७ च्या जूनमध्ये ग्रॅज्युएट होईल. आईबाबा दोघंही नोकरी करतात, ग्रीन कार्ड मिळून तीन वर्षं झाली. मुलीचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.७ आहे, यंदा तीन एपी (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय चालू आहेत, ऑक्टोबरच्या पीएसएटीत, म्हणजे एसएटी या प्रवेशपरीक्षेआधीच्या सराव परीक्षेत, १२७० मिळाले. शाळेच्या नाटकांची प्रकाशयोजना ती नववीपासून बघते. संध्याकाळी ती आजीसोबत घरी असते. बाबांचं म्हणणं असं की नाटक आता बंद करावं, सीनिअर इयरला पाच एपी घ्यावेत, एसएटी १६०० पैकी १५५० च्या पुढे न्यावी आणि ‘टॉप ट्वेंटी’ कॉलेजांत कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करावेत. हा विषय निघाला की मुलगी ताट उचलून खोलीत जाते. मराठी मंडळातल्या ओळखीच्या घरांनी नववीतच खासगी काउन्सेलर लावले आहेत. एकाने यांना ८,५०० डॉलरचं पॅकेज सांगितलंय. आई लिहितात, “आम्ही दोघं सांगलीकडचे. बारावीचे पीसीएमचे मार्क, मेरिट लिस्ट, राउंड, एवढंच आम्हाला कळायचं. इथलं काही समजत नाही आणि सगळे आपल्या पुढे गेलेत असं वाटतं. आम्ही उशीर केला का? काउन्सेलर लावू का? नाटक सोडायला लावू का?”

ताई,

शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. उशीर झालेला नाही. काउन्सेलर आत्ता लावू नका. नाटक मुळीच सोडायला लावू नका.

आता तुमच्या पत्रातल्या मेरिट लिस्टकडे येते, कारण बाकी सगळं तिथूनच आलं आहे. मी एका हायस्कूलच्या गायडन्स ऑफिसात बरीच वर्षं काम केलं. आपल्याकडच्या आईबाबांशी बोलताना मला दरवेळी जाणवायचं की त्यांच्या डोळ्यांसमोर कॉलेजच्या फाटकावर चिकटवलेला तो कागद आहे. नाव, मार्क, आणि कुठेतरी मारलेली रेघ. रेघेच्या वर असलात तर प्रवेश, खाली असलात तर पुढच्या राउंडची वाट. तो कागद क्रूर होता, पण त्यात एक दिलासाही होता. काय केलं की काय मिळेल ते सगळ्यांना ठाऊक असायचं.

इथे तो कागद लागत नाही. प्रत्येक कॉलेज आपापल्या पद्धतीने अर्ज वाचतं. चार वर्षांचं ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक), शाळेत जे विषय उपलब्ध होते त्यातले किती अवघड घेतले, शिक्षकांची पत्रं, निबंध, शाळेबाहेरचं आयुष्य, हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं जातं, आणि कशाला किती वजन ते कॉलेजागणिक बदलतं. एसएटीचंच बघा. एमआयटी, हार्वर्ड आणि डार्टमथ यांनी मधल्या काळात सोडलेली परीक्षेची अट पुन्हा आणली. दुसरीकडे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॅम्पस प्रवेशाचा निर्णय घेताना एसएटीचा आकडा बघतच नाहीत. मग १५५० ही कुठली रेघ? काही कॉलेजांत ती उपयोगी पडेल, काहींत तिला काहीच अर्थ नाही, आणि जिथे नव्वद टक्क्यांहून जास्त अर्ज नाकारले जातात तिथे १५८० असलेली मुलंही परत पाठवली जातात. तुमच्या लेकीने मार्चमध्ये एकदा आणि गरज वाटली तर ऑगस्टमध्ये एकदा परीक्षा द्यावी. सराव फुकटात करता येतो. एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डच्या ब्लूबुक ॲपमध्ये पूर्ण सराव परीक्षा आहेत, खान अकॅडमीवर त्यांचाच अधिकृत अभ्यासक्रम आहे. १२७० वरून वर जायला आठवड्याचे तीन-चार तास आणि काही महिने लागतील. त्यासाठी नाटक सोडावं लागत नाही.

‘टॉप ट्वेंटी’ही तशीच. ती यादी एक प्रकाशनसंस्था दरवर्षी काढते, कॉलेजांनी स्वतः पुरवलेल्या आकड्यांचाही तिच्यात वापर होतो. कोलंबिया विद्यापीठ २०२२ मध्ये त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरून एकदम अठराव्यावर आलं, कारण त्यांच्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने त्यांच्या आकडेवारीवर प्रश्न उभे केले होते. वर्गात शिकवणारी माणसं तीच होती, प्रयोगशाळा त्याच होत्या. तुमचे यजमान ज्या यादीवर भिस्त ठेवून आहेत ती आपल्या बोर्डाच्या मेरिट लिस्टसारखी नाही, एवढं त्यांना सांगाच.

तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत. मुलीचं मात्र एकही वाक्य नाही. तिला काय हवंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला वाटतं तुम्हाला ते ठाऊक नाही म्हणून लिहिलेलं नाही. त्यात तुमची चूक काढत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला तरी कुठे नक्की ठाऊक असतं? पण ताट उचलून जाण्याआधी तिला बोलायला जागा मिळायला हवी. त्यावर पुढे येते. त्याआधी एक गोष्ट, जी फक्त तुम्ही आणि तिचे बाबाच करू शकता, आणि जी बहुतेक घरांत शेवटपर्यंत टाळली जाते.

ती गोष्ट म्हणजे पैसे.

माझ्या ऑफिसात एप्रिल महिना फार वाईट जायचा. मार्चअखेर पत्रं येतात, मुलं हसत शाळेत येतात, कॉलेजचे रंगीत टीशर्ट घालतात. आणि मग एखादी मुलगी दार लोटून आत येते आणि खुर्चीवर बसून रडायला लागते. प्रवेश मिळालेला असतो. घरी आईबाबांनी सांगितलेलं असतं की हे आपल्याला झेपणार नाही. एका मुलीचं बोलणं मी आजही विसरलेले नाही. ती म्हणाली, कॉलेज गेल्याचं दुःख नाही, पण त्यांना हे गेल्या वर्षीच माहीत होतं, मग मला अर्ज का करू दिला? तिच्या आईबाबांना वाटलं होतं की आत्ता पैशाचं बोललो तर तिचा अभ्यासातला जोर जाईल. त्यांनी ते मायेपोटीच केलं होतं. पण तिला ते फसवल्यासारखं वाटलं, आणि ते भरून यायला फार दिवस गेले.

म्हणून अकरावीच्या या हिवाळ्यात आधी तुम्ही दोघं बसा आणि एक आकडा ठरवा: वर्षाला आपण किती देऊ शकतो, निवृत्तीच्या पैशाला हात न लावता आणि घरावर नवं कर्ज न काढता. मोठ्या नावाच्या खासगी विद्यापीठांत राहण्या-खाण्यासकट वर्षाचा एकूण खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. रटगर्स या राज्याच्या सरकारी विद्यापीठात न्यू जर्सीच्या रहिवाशाला, तिथेच राहूनसुद्धा, त्याच्या निम्म्याहून कमी लागतो. हे चार वर्षांनी गुणलं की फरक एखाद्या लहान गावातल्या घराएवढा होतो. फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवावा लागतो. तुमचं गेल्या वर्षीचं टॅक्स रिटर्न समोर ठेवलंत तर वीस-पंचवीस मिनिटांत अंदाज येतो की त्या कॉलेजात तुमच्यासारख्या घराला खरोखर किती भरावं लागेल. पाच-सहा कॉलेजांसाठी करून बघा. छापील किमतीपेक्षा हा आकडा कधी खूप कमी निघतो, कधी अजिबात नाही.

इथे दोघांच्या पगाराच्या घरांना बसणारा धक्का आधीच सांगून ठेवते. आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, कोलंबियासारख्या नामांकित विद्यापीठांचा गट. त्यातली आठही विद्यापीठं हुशारीवर शिष्यवृत्ती देत नाहीत. ती मदत करतात ती घरच्या उत्पन्नाकडे बघून. म्हणजे तुमच्यासारख्या घराला ‘मुलगी हुशार आहे, काहीतरी सवलत मिळेलच’ हा हिशेब तिथे चालत नाही. हुशारीवर पैसे देणारी कॉलेजं वेगळी, आणि ती बहुतेकदा यादीत खाली असतात. त्यांना चांगली मुलं आपल्याकडे खेचायची असतात. तुमची लेक जिथे अर्जदारांच्या वरच्या पट्ट्यात बसेल तिथे तिला खरी सवलत मिळण्याची शक्यता असते. म्हणून तिच्या यादीत अशी दोन-तीन नावं हवीतच, आणि ती मनापासून आवडलेली हवीत. नाइलाजाने लिहिलेली नकोत.

अर्ली डिसिजन हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. नोव्हेंबरच्या आसपास एकाच कॉलेजला अर्ज, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असा करार. काही ठिकाणी त्याने शक्यता वाढते. पण किमतीची तुलना करायची संधी जाते. ज्या घराला पैशाचा विचार करावा लागतो त्याने कॅल्क्युलेटरवरचा आकडा पटल्याशिवाय त्या करारावर सही करू नये. अर्ली ॲक्शन वेगळं, त्यातही अर्ज लवकर जातो, पण तिथेच जायचं बंधन नसतं. तो मार्ग बिनधास्त वापरा.

वर मी म्हटलं उशीर झालेला नाही. एक दार मात्र खरंच बंद झालंय. २०२७ च्या शरद ऋतूत कॉलेज सुरू करणाऱ्या मुलीसाठी फाफ्सा हा फेडरल मदतीचा फॉर्म यंदाच्या ऑक्टोबरात उघडतो, पण त्यात उत्पन्न २०२५ चं धरलं जातं. ते वर्ष तर संपलं. तुम्ही त्यात कंपनीचे शेअर विकून मोठा नफा घेतला असेल तर तो आता मोजला जाईल. तुमच्या बाबतीत याने फार बिघडेल असं मला वाटत नाही. पण ज्यांचं मूल आत्ता नववीत किंवा दहावीच्या सुरुवातीला आहे त्यांनी हे लिहून ठेवावं: पहिल्या वर्षाच्या मदतीसाठी बघितलं जाणारं उत्पन्न दहावीतल्या जानेवारीपासून अकरावीतल्या डिसेंबरपर्यंतचं असतं. फाफ्सात तुम्ही राहता ते घर मोजत नाहीत, निवृत्तीच्या खात्यातली शिल्लक मोजत नाहीत. बरीच खासगी कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा आणखी एक फॉर्म मागतात, आणि त्यात घराचीही विचारणा होते. पूर्वी एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असली की घराकडून अपेक्षित वाटा विभागला जायचा. २०२४-२५ पासून फाफ्साच्या सूत्रात ते होत नाही, म्हणून जुळ्या मुलांच्या आईबाबांनी मागच्या पिढीचे सल्ले जपून घ्यावेत.

कर्जाबद्दलही नियम बदललेत. मुलीच्या स्वतःच्या नावावर फेडरल कर्ज पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंतच मिळतं. आईवडिलांच्या नावाने मिळणाऱ्या पॅरेंट प्लस कर्जाला १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांसाठी एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा आहे. ‘बाकीचं कर्ज काढू’ हे उत्तर म्हणून आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे हे सगळं तुम्हाला लागू होतं. पण हे वाचणाऱ्या अनेक घरांत ते नाही, आणि त्यांचं दुखणं मंडळाच्या गप्पांत फारसं बोललं जात नाही. एच-फोरवर (एच-वन-बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या मुलांना फेडरल मदत मिळत नाही. ती दुसरीत इथे आलेली असोत, इथल्या शाळेत पहिली येत असोत, तरीही. त्यांना पगाराची उन्हाळी नोकरी करता येत नाही. एकवीस पूर्ण झाली की ती अवलंबित राहत नाहीत, म्हणजे बहुतेकांना कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात एफ-वन या विद्यार्थी व्हिसाकडे वळावं लागतं. स्थानिक रहिवाशाची फी लागू होईल की नाही ते राज्यागणिक आणि कधी विद्यापीठागणिक बदलतं. अशा घरांनी अकरावीतच दोन कामं करावीत. आवडत्या प्रत्येक कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करून ‘आमच्या मुलाला तुम्ही रहिवासी धरता की आंतरराष्ट्रीय’ हे लेखी विचारावं, आणि इमिग्रेशन वकिलाशी एकवीसच्या तारखेबद्दल बोलावं. आणि मुलाला हे सगळं सांगावं. त्याच्या वर्गातले मित्र पिझ्झाच्या दुकानात काम करतात आणि आपण का नाही, हे त्याला शाळेतल्या कुणाकडून नाही, घरून कळायला हवं.

आता तुमच्या लेकीकडे.

तुम्ही पत्रात आजीचा उल्लेख जाता जाता केलात, ‘संध्याकाळी आजीसोबत असते’ इतकाच. मी तिथे थांबले. रोज किती वेळ? औषधं ती देते का? डॉक्टरकडे गेल्यावर इंग्रजीतून मराठीत आणि उलट कोण सांगतं? बरीच विद्यापीठं ज्या कॉमन ॲपवरून अर्ज घेतात त्यात उपक्रमांसाठी दहा जागा असतात, आणि उपक्रमांच्या प्रकारांत ‘घरच्या जबाबदाऱ्या’ हा प्रकार स्वतंत्रपणे दिलेला आहे. आपल्या मुलांना तो दिसतच नाही, कारण आजीला सांभाळणं हे आपल्याकडे सांगण्यासारखं काम नसतं, ते घरातलंच असतं. पण ज्याला आठवड्याचे दहा-बारा तास द्यावे लागतात ते इथे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. त्यामुळेच तिला आणखी एखादा क्लब करता आला नाही, हेही त्याला कळतं. दहाच्या दहा जागा भरायची सक्ती नाही. पाच खऱ्या गोष्टी पुरतात.

प्रकाशयोजना ही तर तिची सगळ्यात भक्कम बाजू आहे. नववीपासून एकच काम सातत्याने करणारी मुलगी, जी पडद्यामागे उभी राहून शंभर क्यू (दिवे बदलायचे इशारे) लक्षात ठेवते, दिवा ऐन वेळी पेटला नाही तर दोन सेकंदांत दुसरा मार्ग काढते, धाकट्या मुलांना शिकवते. ते सोडून जागा कशाने भरणार? पैसे भरून मिळणाऱ्या उन्हाळी ‘संशोधन’ शिबिराने? मी असे अर्ज पाहिले आहेत. मुलाला स्वतःच्या संशोधनाबद्दल चार वाक्यं सलग बोलता येत नाहीत. आणि अर्जाचं सोडा, ती सोळा वर्षांची आहे. दिवसभरात एक जागा तरी अशी हवी जिथे तिला कुणी मोजत नाही.

पाच एपींचं उत्तरही त्यातच आलं. सीनिअर इयरचे विषय बहुतेक शाळांत जानेवारी-फेब्रुवारीतच निवडायचे असतात, म्हणजे हे तातडीचं आहे. गणित सोडू नका, परकीय भाषा सुटली नसेल तर तीही चालू ठेवा, आणि तीन एपी यंदा झेपले असतील तर पुढच्या वर्षी तीन किंवा चार. सीनिअर इयरच्या शरदात अर्ज आणि निबंधच एका विषयाइतका वेळ खातात. पाच एपींत दोन सी आणण्यापेक्षा तीनांत नीट शिकणं कधीही चांगलं. शेवटच्या सत्राचे ग्रेडही कॉलेजला जातात आणि फार घसरले तर दिलेला प्रवेश मागे घेता येतो, हे मुलांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

कॉम्प्युटर सायन्सबद्दल एक खास गोष्ट. इलिनॉय किंवा वॉशिंग्टनसारख्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत त्या विषयाला थेट पहिल्या वर्षीच प्रवेश घ्यावा लागतो. दुसऱ्या विषयात शिरून नंतर तिकडे वळणं फार अवघड आहे. त्यामुळे ‘आधी आत जा, मग बघू’ हा आपला नेहमीचा सल्ला तिथे लागू पडत नाही. आणि उलटही खरं आहे. तिला तो विषय नको असेल तर केवळ बाबांसाठी त्याची खूण केल्याने सगळ्यात अरुंद दारातच ती उभी राहील. तिला दिव्यांतलं नेमकं काय आवडतं ते विचारा. सर्किट? रंग? माणसांची मोट बांधणं? गोष्ट सांगणं? या चारही उत्तरांतून चार वेगळे अभ्यासक्रम निघतात, आणि त्यातलं एक तर तिच्या बाबांनाही आवडेल.

पदवीच्या अटी तपासायचं काम सगळे गृहीत धरतात. तुम्ही धरू नका. न्यू जर्सीत डिप्लोमासाठी किमान १२० क्रेडिट लागतात आणि त्यात इंग्रजी, गणित, विज्ञान यांच्याखेरीज दृश्य किंवा रंगमंचीय कला, जागतिक भाषा, आरोग्य आणि शारीरिक शिक्षण, शिवाय अर्ध्या वर्षाची आर्थिक साक्षरताही येते. अकरावीच्या वसंतात राज्याची ग्रॅज्युएशनची परीक्षाही असते. आमच्याकडे एका मुलाचे एपी सात होते आणि मे महिन्यात लक्षात आलं की दुसऱ्या राज्यातून येताना त्याचं आरोग्य-शिक्षणाचं अर्धं क्रेडिट कुठेतरी गळलं. ते आमच्या ऑफिसच्या नजरेतून सुटलं होतं, आणि ऐन पार्टीच्या दिवसांत त्या पोराने ऑनलाइन कोर्स पूर्ण केला. म्हणून तिने या महिन्यात स्वतः काउन्सेलरची वेळ घ्यावी आणि ‘माझं काय बाकी आहे ते कागदावर द्या’ असं म्हणावं. भारतातून किंवा दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलांनी तर हे आधी करावं.

हा काउन्सेलर म्हणजे शाळेतला. तो फुकट आहे, आणि तुमच्या लेकीबद्दल कॉलेजला पत्र लिहिणारा तोच आहे. अमेरिकेतल्या शालेय काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस एकामागे २५० मुलांची आहे, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून कितीतरी जास्त असतात. त्यामुळे तो तुम्हाला फोन करणार नाही. तुमच्या लेकीने जायचं, आणि एकदा नाही, वसंतात दोनदा तरी. ज्या मुलीचं नाव त्याला आठवतं तिचं पत्र वेगळं होतं. मी अशी पत्रं शेकड्यांनी लिहिली आहेत, म्हणून सांगते.

तसंच दोन शिक्षकांचं. शिफारसपत्रं सहसा अकरावीत मुख्य विषय शिकवणाऱ्यांकडून घेतात. मे संपण्याआधी प्रत्यक्ष भेटून विचारावं. चांगले शिक्षक मोजकीच पत्रं घेतात आणि सप्टेंबरपर्यंत त्यांची यादी भरलेली असते. ज्या विषयात तिला ए-प्लस आहे तोच शिक्षक हवा असं नाही. जिथे ती अडली, परत परत गेली आणि सावरली, तिथल्या शिक्षकाकडे सांगायला जास्त असतं.

८,५०० डॉलरच्या पॅकेजबद्दल: सगळे खासगी काउन्सेलर वाईट नसतात. ज्या शाळेत एका काउन्सेलरकडे पाचशे मुलं आहेत, किंवा मुलाला शिकण्यात विशेष अडचण आहे, तिथे मी स्वतः लोकांना काही तासांपुरतं कुणाकडे तरी पाठवलं आहे. तासावर पैसे घेणारे मिळतात. पण प्रवेशाची हमी देणारा, निबंध ‘पॉलिश’ करून देतो म्हणणारा किंवा कोणत्या कॉलेजात कोण ओळखीचं आहे ते सांगणारा दिसला की उठून या. ६५० शब्दांचा तो निबंध सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचाच वाटला पाहिजे. त्या पैशांतून पुढच्या सुट्टीत चार कॉलेजं बघून या. ईविंगचं कॉलेज ऑफ न्यू जर्सी, नेवार्कचं एनजेआयटी आणि न्यू ब्रन्सविकचं रटगर्स एकेका दिवसात होतात. मोठं, मध्यम, शहरातलं, गावातलं, असं काहीही बघितलं की तिला स्वतःच कळायला लागेल की आपल्याला कशात गुदमरायला होतं.

तुमच्या जिल्ह्याचं कम्युनिटी कॉलेजही बघा. हे वाचून मंडळातल्या भुवया उंचावतील हे मला माहीत आहे. वर्गातल्या वरच्या पंधरा टक्क्यांतल्या मुलांना न्यू जर्सी स्टार्स या योजनेत काउंटी कॉलेजची ट्यूशन माफ होते, आणि तिथली दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेलं तर क्रेडिट जमा धरण्याचा राज्यव्यापी करार आहे. भारतात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला आलेली मुलं तुमच्या यजमानांच्या वर्गातही असतील. ती मागे पडली का, हे त्यांनाच विचारा.

आणि आजीमुळे मिळू शकणारी आणखी एक गोष्ट. दोन भाषांतलं प्रावीण्य दाखवणाऱ्या मुलांच्या डिप्लोमावर सील ऑफ बायलिटरसीची मोहोर उमटते. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये ती सुरू केली, न्यू जर्सीतही आहे, आणि मराठीसाठीही परीक्षा उपलब्ध आहे. बोलण्यात आपली मुलं तरून जातात, देवनागरीत लिहिताना अडतात. आजीला पत्र लिहायला लावा, मंडळाच्या मराठी शाळेत विचारा, आणि हायस्कूलच्या वर्ल्ड लँग्वेज विभागाला परीक्षा कधी असते ते आत्ताच विचारून ठेवा.

आता तिच्या बाबांबद्दल. पत्रात ते थोडे खलनायकासारखे आले आहेत, पण मला ते तसे वाटत नाहीत. ज्या माणसाला एका यादीने सांगलीहून इथवर आणलं तो यादीवर विश्वास ठेवणारच. लेकीच्या हातून ती दोरी सुटेल याची त्यांना भीती वाटते. ती भीती त्यांनी तिला सांगितलेली नाही, फक्त १५५० सांगितलेत. त्यांना म्हणावं, बारावीच्या निकालाच्या दिवशी काय झालं होतं, घरात किती पैसे होते, कोणी फी भरली, हे तिला एकदा सांगा. सल्ला न देता, नुसतं सांगा.

आणि घरात एक नियम करा. जेवताना कॉलेजचा विषय नाही. रविवारी सकाळी चहाच्या वेळी अर्धा तास, तोही तिने मांडलेल्या मुद्द्यांवर. तारखांची वही तिच्याकडे असेल: मार्चची एसएटी, मेमधल्या एपी परीक्षा, शिक्षकांना विचारायची तारीख, १ ऑगस्टला उघडणारा कॉमन ॲप. तुमच्याकडे फक्त पैशाचा कागद. एखादी तारीख ती विसरेल. एखादी विसरू द्या, मोठी असेल तर आठवण करा.

येत्या रविवारी पहिली बैठक घ्या. एसएटीचं नाव काढू नका. तुम्ही दोघांनी ठरवलेला वर्षाचा आकडा तिला सांगा, लॅपटॉप तिच्याकडे सरकवा आणि तिला आवडणाऱ्या कोणत्याही एका कॉलेजचा कॅल्क्युलेटर तिलाच भरू द्या. टॅक्स रिटर्नमधला प्रत्येक आकडा ती विचारेल, तो सांगा. आजीलाही तिथेच बसू द्या. आपल्या नातीला घरचा हिशेब समजतोय हे तिला बघायला मिळेल.